जिरवणे : एक सकर्मक क्रियापद

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या होस्टेलवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं क्रियापद कोणतं? ‘लिहिणे’ तर नक्कीच नाही. ‘छापणे’ दोन नंबरला येईल. एक नंबरला आहे ‘जिरवणे’. फाईल न देणाऱ्याची जिरवायची. फाईल देऊन वर भाव खाणाऱ्याची पण जिरवायची. टॉपरची तर तो टॉपर आहे एवढ्यासाठीच जिरवायची. एक्स्टर्नलने व्हायवाला कुणाची जिरवली ही बातमी मेसमध्ये चपात्यांच्या आधी पोचते, आणि ज्याची जिरली त्याच्याशी आपलं कधी भांडण झालेलं नसलं तरी त्या दिवशी आमटी जरा बरी लागते.

मी पलूसची. तालुका पलूस, जिल्हा सांगली. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी पेपरात वाचलेलं, घरी ऐकलेलं आणि उरलेलं एसटीत उचललेलं आहे, तेव्हा शुद्धलेखनवाल्यांनी आधीच माफ करावं. पण या एका शब्दाने मला बरेच दिवस पछाडलंय, आणि तो पुस्तकातून आलेला नसून थेट रानातून आलेला आहे. म्हणून हा लेख.

तसं पाहिलं तर मुद्दाम, जाणूनबुजून, दुसऱ्याचं वाईट व्हावं एवढ्यासाठीच काहीतरी करायचं, या वृत्तीला मराठीत शब्दांचा तोटा नाही. खुन्नस आहे, ती नुसत्या डोळ्यांनी पण देता येते. डूख आहे, तो साप धरतो आणि काही नातेवाईक धरतात. आकस आहे, पण तो आता फक्त अर्जात आणि आमदारांच्या भाषणात उरलाय: ‘माझ्यावर आकसाने कारवाई झाली.’ खोडसाळपणा पेपरात खंडन छापताना लागतो. खवचटपणा आणि कुचकेपणा हे घरगुती, लग्नकार्यात वापरायचे. आणि ‘दावा’! हा मूळचा अरबी शब्द. कोर्टात लावतात तो दावा आणि वैर या अर्थाचा दावा हा एकच शब्द आहे, म्हणून तर ‘दावा साधला’ असं म्हणतात. आमच्या भागात दोन्ही दावे बहुतेक वेळा एकाच बांधावर सापडतात. (गंमत म्हणजे त्यावरचा उतारा, ‘सलोखा’, हा पण अरबीतूनच आलाय. त्याच्याकडे पुढे येते.)

पण हे सगळे शब्द मनात बसून राहणारे. डूख धरतात, आकस ठेवतात. जिरवणे मात्र करायचं असतं. ते काम आहे. त्याला वेळ, श्रम, कधी कधी पैसा लागतो.

सातवीत इंग्रजीच्या तासाला सिस्टरांनी ‘स्पाईट’ या शब्दाचा अर्थ सांगितला आणि वाक्यात उपयोग करायला लावला. सगळ्यांनी तेच वाक्य लिहिलं, ‘कट ऑफ युवर नोज टू स्पाईट युवर फेस’. आता मराठीतली म्हण बघा: आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. वरवर दोन्ही सारख्या, पण नीट वाचल्या तर जमीनअस्मानाचा फरक. इंग्रजीतला माणूस स्वतःच्याच चेहऱ्यावर चिडलाय, रागाच्या भरात नाक कापून बसलाय. त्याला मूर्ख म्हणून सोडून देता येतं. मराठीतल्या माणसाने विचार केलाय. शेजाऱ्याचं शुभकार्य कधी आहे ते त्याला माहीत आहे. नकटा सामोरा आला तर अपशकुन होतो असं लोक मानतात, हेही माहीत आहे. म्हणून तो आदल्या रात्री नाक कापून, पट्टी बांधून, सकाळी बरोबर त्या वाटेवर उभा राहणार. हा माणूस प्लॅनिंग करून आलाय. प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायला त्याला आपल्या कॉलेजात यायची गरज नाही.

‘स्पाईट’चं मूळ लॅटिन ‘डेस्पेक्टुस’ मध्ये आहे. अर्थ, वरून खाली बघणे. ‘डिस्पाईज’ आणि ‘डिस्पाईट’ ही त्याचीच भावंडं. म्हणजे इंग्रजांची ही भावना वरच्याने खालच्याकडे बघताना जन्माला आली. आमची उलटी आहे. जिरवायची कुणाची? जो वर गेलाय त्याची. ज्याने दोन मजली बांधलं, ज्याचा मुलगा पुण्यात लागला, ज्याने बुलेट घेतली आणि ती घराच्या आत लावायच्या ऐवजी बाहेर रस्त्यावर लावली. खाली असलेल्याची कुणी जिरवत नाही. तिथे जिरवायला काही नसतंच.

शब्दाचं मूळ तर अगदी पोटातलं आहे. संस्कृतमध्ये ‘जॄ’ असा धातू आहे, अर्थ झिजणे, म्हातारं होणे, पचणे. त्यातून जीर्ण, अजीर्ण, जरा, जर्जर. आपलं जिरं पण याच घराण्यातलं मानतात, कारण ते खाल्लेलं जिरवतं. ग्रीकमधला म्हाताऱ्याचा शब्द याच मुळातून निघालाय, त्यामुळे हॉस्पिटलमधला ‘जेरियाट्रिक’ वॉर्ड आणि मसाल्याच्या डब्यातलं जिरं हे लांबचे पाहुणे लागतात! तर जिरणे म्हणजे पचणे, आत मुरणे, दिसेनासं होणे. जिरवणे म्हणजे तसं करायला लावणे. आई बाळाला दूध पाजून खांद्यावर थोपटते ते जिरवण्यासाठीच.

आम्हा सिव्हिलवाल्यांना हा शब्द सिलॅबसमध्ये आहे. हायड्रॉलॉजीत ‘इन्फिल्ट्रेशन’ वाचतो ना, त्याला शेतकरी पाणी जिरणे म्हणतो. ‘परकोलेशन टँक’ म्हणजे पाझर तलाव, तो पाणी जिरवायलाच बांधतात. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीवर असे किती तरी पाझर तलाव खोदले गेले. पुढे पाणलोट विकासाची कामं सुरू झाली आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतीभिंतीवर गेली. गावानं ती पाठ केली आणि लगेच स्वतःची आवृत्ती काढली: माणसं अडवा, माणसं जिरवा. हा विनोद कुणी पहिल्यांदा केला देव जाणे, पण ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत तो नव्याने ऐकू येतो, आणि हसणारा प्रत्येक जण दुसऱ्या पार्टीकडे बघून हसतो.

आता खरी गोम. ती व्याकरणात आहे.

‘मी त्याची जिरवली.’ या वाक्यात कर्म कुठे आहे? मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं हे दहावीपर्यंत घोकलेलं आहे. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. मग ‘जिरवली’ कोणती? काहीतरी स्त्रीलिंगी नाम आहे, जे आपण बोलतच नाही. मस्ती, रग, गुर्मी, घमेंड, मिजास, खोड, खुमखुमी. सगळ्या ओळीने स्त्रीलिंगी! (माज आणि तोरा पुल्लिंगी, ते जिरवण्यापेक्षा उतरवतात जास्त. हा स्त्रियांवर अन्याय आहे का याचा विचार मुलींच्या होस्टेलने करावा.) कानाखाली ‘एक ठेवून दिली’ म्हणतो तेव्हा पण नाम गाळतो, पण तिथे काय ठेवलं ते गालावर दिसतं. जिरवण्यात जे गाळलंय ते दिसत नाही. आणि सगळा खेळ तिथेच आहे, असं माझं मत.

कारण त्या गाळलेल्या नामाने एक गोष्ट परस्पर गृहीत धरली. समोरच्याला मस्ती होती. होती का? कुणी मोजली? वाक्यात नसल्यामुळे कुणी विचारत नाही. ‘मी त्याचं नुकसान केलं’ असं म्हटलं तर ऐकणारा विचारेल, का रे बाबा? ‘मी त्याची जिरवली’ म्हटलं की ऐकणारा टाळी देतो. पहिल्या वाक्यात मी दोषी आहे. दुसऱ्यात मी डॉक्टर आहे, त्याला झालेलं अजीर्ण मी बरं केलं. इंग्रजीत ‘आय डिड इट आऊट ऑफ स्पाईट’ म्हणणारा निदान स्वतःबद्दल बोलतो. आपलं क्रियापद बोट कायम समोरच्याकडे दाखवतं.

आता कुणी म्हणेल, अगं पण काहींना खरंच मस्ती असते! असते ना. म्हणूनच हा शब्द इतका इज्जतदार आहे. त्याने ती इज्जत कमावलेली आहे, आणि आमच्याच भागात.

कुंडलचं कुस्तीचं मैदान अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिथे रग जिरवणे हा शब्द अगदी जिथल्या तिथे बसतो. दोघं आपण होऊन लाल मातीत उतरलेले, जोड ठरवून लावलेली, हजारो लोक साक्षीला. ज्याची जिरली तो उठून जिंकलेल्याच्या गळ्यात पडतो आणि माती झटकून फेटा बांधून घेतो. तिथे गाळलेलं नाम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

दुसरं उदाहरण याच कुंडलचं. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात चाललं (तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता) आणि कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड कुंडलचेच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पे स्पेशल रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली, ते या मंडळींचं काम. पण लोकांच्या तोंडी ‘प्रति’ची ‘पत्री’ झाली, कारण गावगुंडांना, दरोडेखोरांना आणि पोलिसांच्या खबऱ्यांना तळपायावर मार बसायचा. घोड्याला पत्री ठोकतात तशी. शब्द असा अर्थ बदलतो, उच्चार घसरतो आणि घसरून बरोबर जागेवर पडतो! माझ्या आजीच्या माहेरी ते दिवस बघितलेली माणसं होती. त्यांच्या बोलण्यात ‘गुंडांची जिरीवली पत्री सरकारनं’ हे वाक्य अभिमानानं यायचं. त्या जिरवण्याबद्दल कुणी वाद घातला तर मी पण भांडेन. तरी एवढं आहे की तिथेसुद्धा आधी तक्रार ऐकायची पद्धत होती, न्यायदान मंडळं होती. ज्याची जिरवायची त्याने काय केलं हे आधी चार लोकांपुढे बोललं जायचं.

म्हणजे न्यायाचं बी या शब्दात आहे. 1982 मध्ये वेर्नर ग्युट आणि त्याच्या जर्मन सहकाऱ्यांनी एक साधा खेळ करून बघितला. दोघांपैकी एकाला रक्कम द्यायची, त्याने दुसऱ्याला किती द्यायचे ते ठरवायचं. दुसऱ्याने ‘नको’ म्हटलं तर दोघांनाही शून्य. हिशोबाने बघितलं तर दुसऱ्याने रुपया मिळाला तरी घ्यायला पाहिजे. पण हा खेळ पुढे देशोदेशी खेळला गेला आणि फार कमी देऊ केलं की बरेच जण सरळ नाकारतात असं दिसलं. मला नाही मिळालं तरी चालेल, पण तुझी जिरू दे. आपल्या पोटाला चिमटा घेऊन अन्यायाला नाही म्हणणारी माणसं आहेत म्हणून तर जग थोडंफार सरळ चालतं.

घोटाळा होतो तो पुढे. कुस्तीत कमावलेली इज्जत घेऊन हा शब्द रात्री बाराला होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये येतो.

फर्स्ट इयरची मुलं आल्यावर काय ऐकू येतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ‘लई उडतोय.’ ‘बारावीला मार्क होते म्हणून काय?’ ‘जिरवली पाहिजे.’ तो बिचारा काय उडत असतो? तो घर सोडून पहिल्यांदा बाहेर आलाय, घाबरलाय, आणि घाबरलेला माणूस दोन प्रकारचा असतो, एक गप्प बसणारा आणि एक जास्त बोलणारा. जास्त बोलणारा आपल्याला मस्तीखोर वाटतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 मध्ये आला, दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून काढून टाकलं तर पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. 2009 च्या यूजीसीच्या नियमांपासून आपण आणि आपले पालक प्रतिज्ञापत्र भरतोय. ते सही करताना कुणी वाचत नाही, पण कधीतरी वाचून बघा. त्यात शारीरिक, मानसिक सगळं लिहिलेलं आहे. आपल्या बोलण्यात त्यातला एकही शब्द नसतो. आपण फक्त ‘जिरवत’ असतो. कुणी पकडला गेला तरी तो खरोखर मनापासून म्हणतो, सर, मी रॅगिंग नव्हतो करत, त्याची जरा जिरवली. तो खोटं बोलत नाही. त्याला शब्दच तो माहीत आहे.

(एक मान्य करायला पाहिजे. मुलींच्या होस्टेलवर आवाज चढत नाहीत. तिथे जिरवणे म्हणजे पंधरा दिवस एकीशी कुणीच बोलायचं नाही. व्रण राहत नाही, तक्रारीत लिहायला काही नसतं.)

रानात हाच शब्द आणखी महाग पडतो. आमच्या बाजूला ऊस आणि द्राक्ष. अधूनमधून पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात, ‘अज्ञातांकडून द्राक्षवेलींची तोडणी, पूर्ववैमनस्यातून प्रकार घडल्याचा संशय’. वेल लावल्यापासून नीट पीक हाताला यायला दोनेक वर्षं जातात, मांडव, तारा, औषधं, कर्ज सगळं धरून. आणि कोयत्याने बुंधा तोडायला एक मिनिट. फड पेटवला तर ऊस घाईने घालवावा लागतो, वजन घटतं, जळीत म्हणून पैसे कापून घेतले जातात. तोडीची पाळी मुद्दाम लांबवून एखाद्याचा ऊस वाळवायचा, ही तक्रार तर पश्चिम महाराष्ट्रात कुठेही चहाच्या गाड्यावर उभं राहिलं तर ऐकायला मिळेल. यातलं कुठलंही काम करणाऱ्याला एक रुपया मिळत नाही. उलट रात्रीची झोप जाते. तरी करतात. का, तर ‘त्याची जिरली’.

सरकारला पण हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर जानेवारी 2023 मध्ये ‘सलोखा योजना’ काढावी लागली. याची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची याच्या नावावर, अशी निदान बारा वर्षं चाललेली भानगड असेल तर दोघांनी राजीखुशीने अदलाबदल करायची, मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार, बस. दोन हजारात वैर मिटतंय! पण दोघांच्या सह्या लागतात. पैसे स्वस्त केले तरी ती दुसरी सही काही स्वस्त होत नाही.

कायदा हेतूकडे बघतो का, हा प्रश्न मी लॉ करणाऱ्या मैत्रिणीला विचारला, तेव्हा तिने मला पिकल्स नावाच्या माणसाचा खटला सांगितला. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहराला ज्या झऱ्यांचं पाणी जायचं ते एडवर्ड पिकल्सच्या जमिनीखालून झिरपत यायचं. त्याने आपल्या जमिनीत खोदकाम सुरू केलं आणि पाणी वळवायला निघाला. स्वतःला त्या पाण्याचा उपयोग नव्हता. शहराने आपलं तोंड बघून पैसे मोजावेत हा त्याचा हेतू, असं नगरपालिकेचं म्हणणं. 1895 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की जमीन त्याची, कृती कायदेशीर, मग हेतू कितीही वाईट असेना का! उलट 1855 मध्ये फ्रान्समधल्या कोलमारच्या कोर्टापुढे एक जण आला, त्याने शेजाऱ्याच्या खिडकीचा उजेड अडवायला छपरावर खोटं धुराडं बांधलं होतं. खाली चूल नाही, भट्टी नाही, नुसतं धुराडं. कोर्टाने ते पाडायला लावलं. मला कोलमारचं कोर्ट जास्त आवडलं. पण आमच्या गावात पिकल्सच जास्त. ‘माझ्या रानात मी काय बी करीन’ हे हाऊस ऑफ लॉर्ड्सचं मराठी भाषांतर आहे.

पाण्याचा विषय निघालाय तर आमच्या जमिनीचं सांगते, कारण मला या शब्दाचा नाद लागला तो तिथूनच. कृष्णेकाठची काळी माती. खोल, चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी, जिरवायला फार हळू. तिच्यावर वर्षानुवर्षं उपसा योजनांचं पाणी आणि मोकाट पाट सोडून घेतलेला ऊस. पाणी जिरलं, जिरलं आणि खाली साठत गेलं. निचऱ्याला वाट नाही, म्हणून पातळी वर वर येत मुळांपर्यंत आली. मग उन्हाने वरचं पाणी उडून जातं, खालचं केशाकर्षणाने वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं आणि मीठ वर ठेवून जातं. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की पुस्तकात त्याला क्षारयुक्त जमीन म्हणतात. आमच्यात क्षारपड म्हणतात. उन्हाळ्यात लांबून बघितलं तर रानात चुना मारल्यासारखं दिसतं. पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांत नदीकाठाने फिरलं तर हे पांढरे पट्टे बघायला कुणाला विचारावं लागत नाही. जिरवलेलं पाणी नाहीसं होत नाही, एवढं हायड्रॉलॉजीच्या पहिल्या धड्यात सांगतात.

यावर उपाय आहे आणि तो काही रॉकेट सायन्स नाही. चार-पाच फुटांवर छिद्रांचे, जाळी गुंडाळलेले पाईप टाकायचे, ते एका मोठ्या पाईपला जोडायचे, आणि तो पाईप नेऊन ओढ्याला सोडायचा. शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांना एकत्र करून हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं, पडीक पडलेल्या रानात परत ऊस उभा राहिला, लोक लांबून बघायला जातात. त्यात टेक्निकल भाग सोपा आहे. अवघड भाग हा की ओढा प्रत्येकाच्या बांधाला नसतो. पाईप दुसऱ्याच्या रानातून न्यावा लागतो. एकाने ‘नाही’ म्हटलं की वरच्या सगळ्यांचं पाणी तुंबलं. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचं? जमिनीखालच्या पाण्याला सातबारा वाचता येत नाही. ते त्याच्याकडे पण सरकतंच.

आमच्याच भावकीत हे चाललंय. आबांचं, म्हणजे आजोबांचं, रान वर, त्यांच्या चुलत भावाचं खाली, आणि ओढा त्याच्याही खाली. कधीतरी माझ्या जन्माच्या आधी विहिरीच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं. कोण बरोबर होतं ते मी दोन्ही घरी विचारलं, दोन्ही घरी चहा प्यायले, आणि दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी ऐकल्या. एकच वाक्य दोन्हीकडे सारखं होतं: ‘लई मस्ती आल्ती त्याला.’

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा भाऊ गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन दोन दिवस रानात होतो. आमच्या रानाच्या खालच्या कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंत चुलत आजोबांच्या रानातून सरळ गेलं तर 190 मीटर, उतार 60 सेंटीमीटर, म्हणजे साधारण 317 ला एक. आरामात चालेल. त्यांचं रान टाळून रस्त्याकडेने वळसा घातला तर 460 मीटर आणि उतार तेवढाच, 767 ला एक. गाळ बसून दोन पावसाळ्यांत पाईप बंद पडेल. शिवाय खर्च दुपटीच्या वर. मी वहीत आकृती काढून आबांना दाखवली. आबांनी चष्मा लावून नीट बघितली, आकडे वाचले आणि म्हणाले, ‘बरोबर हाय बाळ. पर त्येला इचारायला मी जाणार न्हाई.’ मग मी एकटीच खाली गेले. चुलत आजोबांनी पण वही बघितली. पाईप त्यांच्याही रानाचं पाणी काढेल, त्यांना एक पैसा पडणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांना कळलं नाही असं अजिबात नाही, ते माझ्यापेक्षा चांगलं पाणी ओळखतात. म्हणाले, ‘त्यो आला इचारायला तर बगू.’ काकीआजींनी मला जाताना पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

आबांच्या रानात खालचे दहा गुंठे आता काहीच येत नाही, नुसतं पांढरं. यंदा बांधाच्या पलीकडे, त्यांच्या उसाचा वरचा कोपरा पिवळा पडलाय.